हिराजी बोक्यानं मासे कसे सोडले

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागलो की मध्ये कुणी खिदळलेलं मला चालत नाही, धागा तुटतो. चहा घ्या, बिस्किटं घ्या, आणि ऐका. गाढवपणा कोण करत नाही? सगळेच करतात. पण आपला गाढवपणा आधी लिहून काढायचा, मग तो छापून आणायचा आणि वर पाचशे माणसांसमोर आपल्याच तोंडानं वाचून दाखवायचा, असा माणूस आमच्या अख्ख्या वाशीत मी एकटा.

गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची. मी रबाळ्याला एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. मूळचा कोल्हापूरचा. नोकरीपायी इकडं आलो आणि वाशीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तेव्हाची वाशी म्हणजे काय होतं? निम्म्या बिल्डिंगा रिकाम्या, मागं खाडी, आणि दिवे लागले की कोल्हे ओरडायचे. त्यात मी जन्माचा भित्रा. आता लपवून काय उपयोग? दारावरची बेल वाजली की आमच्याकडे बायको दार उघडायची आणि मी आतून विचारायचो, "कोण आहे गं?" चोर असता तर त्यानं आधी सुलभाला गाठलं असतं, इतकी माझी हिंमत.

अशा माणसानं काय लिहावं? तर रहस्यकथा. पण माणसांच्या नाहीत हां. माणसांचे खून-दरोडे लिहायला घेतले की मलाच रात्री पाणी प्यायला उठायची भीती वाटायची. म्हणून जनावरांच्या. आमची चिमी तेव्हा दुसरीत होती, गोष्टीशिवाय घास गिळायची नाही. तिला भरवता भरवता गुप्तहेर बोकडराव जन्माला आले.

बोकडरावांची एक खोड होती. पुरावा सापडला की ते आधी तो खाऊन टाकायचे, आणि मग चवीवरून चोर ओळखायचे. त्यांची मदतनीस एक पाल. कुणी खोटं बोललं की भिंतीवरून ती चुकचुकायची. आपण म्हणतो ना, मनात शंकेची पाल चुकचुकली, ती पाल हीच. मुलांच्या एका मासिकाच्या संपादकांना हे आवडलं आणि माझ्या गोष्टी दर महिन्याला छापून यायला लागल्या.

एकदा त्यांनी माझा फोटोही छापला. तेव्हा मी दाढी ठेवायचो, हनुवटीपुरती, टोकदार. झालं. कारखान्यात माझं नाव बोकडसाहेब पडलं. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, पण मिक्सिंगमध्ये शिरलो की मागून कुणीतरी हळूच "ब्याँ" करायचं.

त्या वर्षी मी बोंबलांच्या चोरीची लांबलचक गोष्ट लिहायला घेतली. सात भाग. दोरीवर वाळत घातलेले बोंबील रोज गायब होतात आणि बोकडराव चोराच्या मागावर आहेत. चोर म्हणजे एक दांडगा बोका. घारे डोळे, झुपकेदार मिशा, एक कान फाटलेला. नाव हिराजी. हिराजी हेच नाव का सुचलं ते त्या वरच्यालाच ठाऊक. सहा भाग छापून झाले. सहाही भागांत हिराजी बोका बोकडरावांच्या हातावर तुरी देऊन पळाला होता. सातव्यात तो सापडणार होता.

सहावा भाग येऊन तीन आठवडे झाले तेव्हा गेटवर काशिनाथनं मला थांबवलं. काशिनाथ आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, पन्नाशीचा, खाडीकडच्या आगरी गावातला. गावाचं नाव राहू दे, तिथं मला अजून जायचं असतं. म्हणाला, "सायब, त्या गोष्टीन हिराजी बोका तुमी लिवला ना?"

मला वाटलं, वाचक भेटला. मी छाती काढून म्हणालो, "हो. का, आवडला?"

"मला आवडला. पन आमच्या गावान हिराजी बोका हाय."

"म्हणजे, बोका आहे?"

"मानूस हाय. हिराजी भोईर. पन गावान सगले बोकाच म्हनतान. घारे डोले हायत ना."

मी हसायचा प्रयत्न केला. म्हटलं, असतील, घारे डोळे काय पुष्कळांचे असतात. तर हा म्हणतो कसा, मिशा पन हायत. मी म्हटलं, मिशाही पुष्कळांना असतात. मग मला थोडी शंका आली. मी हळूच विचारलं, "कान?"

"कान पन फाटलेला हाय," काशिनाथ म्हणाला. "जत्रेच्या कुस्तीन फाटला."

मी नकळत स्वतःच्या कानाला हात लावला. काशिनाथ मात्र कौतुकानं सांगत राहिला. हिराजीचे विटांचे आणि रेतीचे टेम्पो आहेत. एकदा भरलेला टेम्पो चिखलात रुतला तर हिराजीनं एकट्यानं मागून उचलून काढला. आणि हा हिराजी आता मला शोधत होता. कशासाठी, ते त्यानं काशिनाथला सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाला होता, "त्याला समोर बसवून इचारतो. इचारल्याबिगर सोडनार नाय."

तुम्हीच सांगा, ह्याचा अर्थ काय घ्यायचा? आम्ही शहरातून आलेली माणसं. ह्या लोकांच्या जमिनींवर आमच्या बिल्डिंगा उभ्या, त्यांच्या मिठागरांवर आमचे कारखाने, आणि वर मी त्यांच्यातल्या एका मानी माणसाला बोंबीलचोर करून महाराष्ट्रभर वाटला होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही टेम्पो उचलला असता.

घरी येऊन सुलभाला सांगितलं. तिनं पोळी लाटता लाटता ऐकलं आणि एवढंच म्हणाली, की मग जाऊन सांगा ना, गोष्ट आहे म्हणून. हिला काय सांगायचं? पोळी लाटणाऱ्याला कशाचीच भीती वाटत नाही. चिमीनं तर कहरच केला. म्हणाली, बाबा, बोकडराव कधीच घाबरत नाहीत. मी तिला म्हटलं, बोकडरावांना बायकोपोरं नाहीत.

सातवा भाग अजून छापायचा होता. तेवढीच एक फट होती. दुसऱ्या दिवशी मी पोटदुखीची रजा टाकली आणि अख्खा भाग नव्यानं लिहून काढला. आधी बोकडराव हिराजीला पोत्यात घालून चौकीवर नेणार होते. ते सगळं काढून टाकलं. आता बोकडराव हिराजीच्या घरी जातात आणि बघतात तर काय, हिराजी बोका गळ्यात तुळशीची माळ घालून शांत बसलेला. हात जोडून तो म्हणतो, "मी केव्हाच मासे सोडले. मी माळकरी आहे. दूधभातावर असतो." पाल चुकचुकत नाही, म्हणजे तो खरं बोलतोय. बोकडराव त्याच्या पाया पडतात. मग बोंबील गेले कुठं? वाऱ्यानं उडून खाडीत पडले. चोर नाहीच. कुणाचं नावच नको, उगाच आणखी कुणी गावात निघायचा.

ते घेऊन मी स्वतः दादरला संपादकांकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, तीन पानं वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "ह्या बोक्याची तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, मुलांवर चांगले संस्कार व्हायला नकोत का? त्यांचा छापखाना अडला होता, त्यामुळे त्यांनी जास्त वाद घातला नाही. परत येताना बसमध्ये मला वाटलं, सुटलो.

सुटतोय कसला. गुरुवारी लॅबच्या खिडकीतून बघतो तर गेटवर टेम्पो, आणि टेम्पोतून एक माणूस उतरला. उतरला कसला, उतरतच राहिला, संपेचना. मिशा एवढ्या. आणि मान वळवली तेव्हा कान दिसला. फाटका. माझ्या हातातली काचेची नळी खाली पडून फुटली.

मी धावत स्टोअरमध्ये शिरलो आणि पिंपांच्या मागं जाऊन बसलो. बाहेरून त्याचा आवाज येत होता, "लेखक कुटं हाय? त्याला बोलव ना. त्याला नेल्याबिगर मी जानार नाय." सगळं एकेरीत. अहो-जाहोचा मागमूस नाही. ती बोलीच तशी आहे, तिथं बापालाही अरे म्हणतात आणि देवालाही, हे मला पुढं कळलं. तेव्हा मात्र वाटलं, माणसानं आपली किंमत ठरवलेली आहे. पाऊण तासानं टेम्पो गेला. मी बाहेर आलो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत गेरूच्या पुडीनं लाल झालो होतो. मॅनेजर समोर आले, दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिले आणि काही न विचारता निघून गेले.

घरी पोचलो आणि पहिलं काम काय केलं असेल? दाढी उतरवली. ओळख पटायला नको. न्हाणीतून बाहेर आलो तर सुलभा माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी बोकड होतात, आता शेळी दिसताय."

शुक्रवारी काशिनाथनं पुन्हा गाठलं. बिनदाढीच्या मला बघून आधी त्यानं सलाम ठोकला नाही, मग ओळखल्यावर दोनदा ठोकला. म्हणाला, हिराजीचा निरोप आहे.

"काय निरोप?"

"ऐतवारी बोकड कापाचा हाय. सांजच्याला. लेखकाला आना, बायकापोरांना बी आना. नाय आला तर घरातनं उचलून आनीन, म्हनला."

आता लक्षात घ्या, कारखान्यात बोकड म्हणजे कोण? मी.  मी कसाबसा म्हणालो, "बायकापोरांनासुद्धा?"

"सगल्यांना."

"कापणार कोण?"

"हिराजी सोता कापतो. दुसऱ्याच्या हातान देत नाय. कोयत्याच्या एका घावान काम."

"आणि तिथं... कुणी असेल का आजूबाजूला?"

"सगला गाव असल. पाचशे मानूस कुटं गेला नाय."

"आणि कुणी अडवणार नाही?"

काशिनाथला प्रश्नच कळला नाही. "अडवल कशाला?" तो म्हणाला. "सगले खुशीन असतान."

असं म्हणून त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. पन्नाशीचा माणूस, रोज मला सलाम करणारा, चिमीसाठी करवंदं आणून देणारा, आणि माझ्या मरणाच्या बातमीनं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. माणसांवरचा माझा विश्वास तिथंच उडाला.

शनिवारी दिवसभर मी घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या. सुलभाला म्हटलं, कोल्हापूरला जाऊ, आजच. तिनं विचारलं, कशाला? मी खरं कारण सांगितलं तर ती हसून हसून पलंगावर बसली. तिचं म्हणणं, माणसाला असं निरोप धाडून कुणी कापत नाही. मी म्हटलं, तुला काय माहीत, ह्यांच्यात पद्धत असेल. सांगतो ना, भीतीनं माणसाची अक्कल आधी जाते, माणूस नंतर जातो.

रविवारी सकाळी मी पोलीस चौकी गाठली. एक हवालदार टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले होते, भारी माणूस, पोट टेबलाला टेकलेलं. मी म्हटलं, मला अटक करा.

त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही काढलं नाही. "गुन्हा काय?"

"कुठलाही लावा. फक्त उद्या सकाळपर्यंत आत ठेवा."

मग त्यांनी वर बघितलं. मला बसायला सांगितलं आणि मी सगळं सांगितलं, बोकडराव, पाल, बोंबील, फाटका कान, कोयता, सगळं. हवालदार फार शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे बोकड म्हणजे तुम्ही?"

"हो."

"आणि हिराजी भोईर आज संध्याकाळी तुम्हाला कापणार?"

"हो."

हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. डोळे पुसले. म्हणाले, "अहो साहेब, आज हिराजीच्या पोरीची हळद आहे. हळदीला बोकड नाही कापणार तर काय भोपळा कापणार? तुम्हाला जेवायला बोलावलंय. मीही चाललोय, ड्युटी सुटली की."

काशिनाथनं हळदीचा शब्द काढला नव्हता, कारण त्याच्या मते रविवारी हिराजीकडे हळद आहे हे सगळ्या ठाणे-बेलापूर रोडला माहीत होतं. मी चौकीतून बाहेर पडलो तेव्हा मला रस्त्यावरच्या खांबाला मिठी मारावीशी वाटत होती. आणि तुम्हाला सांगतो, भित्रा माणूस सुटला की लगेच फुशारतो. घरी जाऊन मी सुलभाला म्हटलं, बघ, आमंत्रण आहे. मानाचं. बिचारा चोर केल्यामुळे नाराज असेल, पण सातवा भाग वाचला की खूश होईल. संत करून टाकलाय मी त्याला. मी स्वतःच सांगणार आहे.

संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. मांडव केवढा! बायका अंगभर सोनं घालून हळदीनं पिवळ्याजर्द झालेल्या. एक म्हातारी धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती आणि बाकीच्या मागून सूर ओढत होत्या. मागच्या अंगणात मोठमोठ्या टोपांत मटण रटरटत होतं. माझा जन्म कोल्हापूरचा. चार दिवस भीतीनं माझ्या पोटात अन्न गेलं नव्हतं, त्यात तो वास. मी सुलभाला म्हटलं, आज मी तीन वेळा मागून घेणार, मला डोळे दाखवायचे नाहीत.

हिराजीनं मला लांबून बघितलं आणि धावत आला. मिठी मारली. माझे पाय जमिनीवरून सुटले. मग खाली ठेवून त्यानं विचारलं, "दाढी कुटं गेली रे?" मी म्हटलं, उकडत होतं. त्यानं मला मांडवात पुढं नेऊन खुर्चीवर बसवलं, शाल घातली, आणि लेक हौसाला हाक मारली. नवरी मुलगी, अंगाला हळद, डोळे बापासारखे घारे. नववीपर्यंत शिकलेली.

मग हिराजीनं जे सांगितलं ते मला स्वप्नातही सुचलं नसतं. हिराजीला वाचता येत नव्हतं. गेले सहा महिने हौसा त्याला माझी गोष्ट वाचून दाखवत होती. मासिक आलं की बाप-लेक ओट्यावर बसायचे आणि भोवती अर्धा गाव. "उद्या ही सासरी जाल," हिराजी म्हणाला. "मंग मला कोन वाचून दाखवल? शेवट तेवढा हिच्यासंगं ऐकाचा होता. म्हनून तुला शोदत होतो. तू काय गावला नाय. मंग काल मी टेम्पो घेऊन छापखान्यान गेलो आनि पयली प्रत काढून आनली."

हौसानं ती प्रत माझ्या हातात दिली. शाईचा वास येत होता. कुणीही वाचली नव्हती, हिराजीनं वाचू दिली नव्हती. ती माझ्याच तोंडून ऐकायची होती. सगळ्यांनी, आत्ता.

मी खुशीत उठलो. तेवढ्यात समोर बसलेली पोरं आपसात बोलायला लागली. एक म्हणालं, हिराजी बोक्यानं बोकडाला कसा खड्ड्यात पाडला. दुसरं म्हणालं, त्या पालीला कसा उलटा टांगला. एक म्हातारबाबा काठी आपटून म्हणाले, आमचा हिराजी काय सापडतो काय, आज बी बोकडाच्या थोबाडावर बोंबील मारून जाल बघा. सगळा मांडव हसला. हिराजी तर मिशीला पीळ देऊन असा बसला होता की त्याचाच राज्याभिषेक आहे.

माझ्या मनात पाल चुकचुकली. माझीच पाल. ह्या माणसाला राग नव्हता आला हो. हा खूश होता. गावानं सहा महिने चोराचाच जयजयकार केला होता, आणि मी त्या चोराला दूधभातावर बसवला होता.

काय करणार? वाचायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं नीट वाचली. तिसऱ्याला माळ आली.  म्हटलं, छापलेलं कोण बघतंय, बदलून सांगू. "आणि बोकडरावांनी दार उघडलं," मी म्हणालो, "तर हिराजी बोका... हिराजी बोका बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन... खिडकीतून उडी मारून..."

मांडवातून शिट्टी आली. तेवढ्यात माझ्या खांद्यामागून हौसा म्हणाली, "काका, तुमची ओळ चुकली."

ती मागं उभी राहून माझ्याबरोबर वाचत होती. तिनं हळदीचं बोट कागदावर ठेवलं. "इथं लिवलंय, गळ्यात तुळशीची माळ घालून शांत बसलेला."

आता हातात कागद, खांद्याशी नवरी, समोर पाचशे माणसं आणि पहिल्या रांगेत भरलेला टेम्पो उचलणारा माणूस. मी वाचलं. सगळं वाचलं. माळ वाचली, दूधभात वाचला. बोकडराव बोक्याच्या पाया पडले ते वाचलं तेव्हा धवलारीणही गप्प झाली होती. "मी केव्हाच मासे सोडले" हे वाक्य मी इतक्या हळू म्हणालो की मागून कुणीतरी ओरडलं, मोठ्यानं बोल. मला ते मोठ्यानं परत म्हणावं लागलं.

हिराजी उठला. चालत माझ्यापर्यंत आला. चिमी सुलभाच्या पदरामागं गेली. मला जायला पदर नव्हता.

"लेखका," हिराजी म्हणाला, अगदी हळू. "तू मला चोर केलास, मी काय बोललो? लबाड केलास, फाटक्या कानाचा केलास, मी गावान छाती काढून फिरलो. पन मासे सोडायला लावलेस? आगऱ्याच्या पोराला?"

त्याच्या घाऱ्या डोळ्यांत पाणी होतं. कसम सांगतो, कोयता परवडला असता. लेकीबरोबरची शेवटची गोष्ट, आणि ती मी नासवली होती. निव्वळ स्वतःची कातडी वाचवायला. 

तेव्हा हौसानं माझ्या हातातलं मासिक काढून घेतलं. पान उलटलं आणि म्हणाली, "बाबा, काकांनी अर्धंच वाचलं. पुढच्या पानावर हाय शेवट."

मी बघितलं. पुढच्या पानावर ठिपके जोडून हत्ती काढायचा होता.

हौसा त्या हत्तीकडे बघून वाचायला लागली. बोकडराव गेल्यावर हिराजी बोक्यानं माळ काढून खुंटीला अडकवली. ती त्यानं चोरलेलीच होती. मग पलंगाखालून बोंबलांची टोपली ओढली. पालीनं चुकचुकायचं नाही म्हणून तिला आधीच दोन बोंबील देऊन ठेवले होते. आणि मग तो खाडीवर होडीत बसला आणि बोंबील खात खात पार निघून गेला, आणि बोकडराव अजून त्याच्या रिकाम्या घराला रोज नमस्कार करतात. ती न अडखळता वाचत होती. शेवटाला तिचा आवाज जरा कापला, पण वाक्य पुरं केलं.

मांडव नुसता फुटला. टोप्या उडाल्या, बेंजोवाल्यांनी वाजवायला घेतलं. हिराजी हसत होता आणि रडत होता, दोन्ही एकाच वेळी, आणि लेकीची हळद त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला लागली होती. माझ्या पाठीत त्यानं एक थाप मारली, ती मला अजून पावसाळ्यात दुखते. "फसवलास की रे आमाला," तो म्हणाला. "पन मंग ते माळेचं तुला सुचलं कसं?"

मी तोंड उघडलं.  माझ्याआधी हौसा बोलली, अगदी साधेपणानं. "बाबा, काका सोताच माळकरी हायत. त्यांच्या ताटान मटन वाढू नका."

हिराजीनं कपाळावर हात मारला. आधी सांगायचं नाय? केवढं पाप झालं असतं आमच्या हातून. मग माझ्या गळ्याकडे बघून त्यानं विचारलं, माळ कुठं आहे? मी सुलभाकडे बघितलं. एक शब्द बोलली असती तर मी वाचलो असतो. ती बोलली, "दाढी करताना काढून ठेवली, ती राहिली घरीच."

आणि मला पहिल्या पंगतीत, पाटावर, रांगोळीच्या आत बसवून हिराजीनं स्वतःच्या हातानं वरण-भात वाढला. वर साजूक तूप. एक केळं. मी हौसाकडे बघितलं तर ती लांबून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हिशेब बरोबर होता. मी मुकाट्यानं भात कालवला.

ह्या गोष्टीला चाळीस वर्षं होतील आता. त्या गावात बारसं असो, साखरपुडा असो, हळद असो, मला बोलावणं चुकत नाही. हौसाची मुलं मला माळकरी काका म्हणतात आणि वाकून पाया पडतात. पहिल्या पंगतीचा मान माझा, पान माझं आधी मांडतात, आणि कुणाच्या हातून चुकून रश्श्याचा थेंब माझ्याकडे उडाला तर त्याला सगळे मिळून ओरडतात. मी वरण-भात जेवतो आणि शेजारी बायको नळी फोडत असते.